वेदीपाशी ठेवलेलं कोहळं

हिंदी वर्तमानपत्राच्या डेस्कवर तेवीस वर्षं मी एक वाक्प्रयोग कापत आलो आहे: 'माना जा रहा है'. बातमीदाराला नेमकं माहीत नसतं, विचारायला वेळ नसतो, किंवा विचारूनही कोणी बोलत नाही, तेव्हा तो लिहितो, माना जा रहा है कि पुलिया में घटिया सामान लगा था. मी शेजारी लाल खूण करून विचारतो, कौन मान रहा है? माणूस सांगा, नाहीतर वाक्य काढा. ऑफिसात माझ्यामागे मला 'कौन-मान-रहा साहब' म्हणतात, हे मला माहीत आहे. पुढच्या हकिगतीशी या सवयीचा संबंध आहे, म्हणून ती आधी सांगितली.

आम्ही मराठी ख्रिस्ती. आईचे वडील शाळामास्तर म्हणून नागपूरकडून इकडे मध्य प्रदेशात आले आणि सिहोऱ्याला राहिले. आई लग्न होऊन जबलपूरला आली. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी आणि भांडताना दोन्ही, अशी आमची भाषा आहे. वडील गेल्यापासून विजय नगरच्या घरात आई आणि मी दोघंच राहतो. आईचं वय बहात्तर. दर रविवारी सकाळी मी तिला स्कूटरवरून चर्चला नेतो, दीड तास तिच्या शेजारी बसतो आणि परत आणतो. हा दीड तास मी विश्वासू म्हणून बसत नाही, ड्रायव्हर म्हणून बसतो. हे आईला माहीत आहे, पाद्रीसाहेबांना माहीत आहे, आणि कोणी त्याचा विषय काढत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. मंडळी ओळीनं पुढं जातात, कठड्यापाशी गुडघे टेकतात, भाकर आणि द्राक्षरस घेऊन परत येतात. आमच्या बाकावरून कोणी उठत नाही. मी उठत नाही, कारण माझा विश्वास नाही. आई उठत नाही, याचं कारण मी नऊ वर्षं असं धरून चाललो होतो की मी एकटा पडू नये म्हणून ती बसते. मला ते थोडं ओशाळवाणं वाटायचं आणि थोडं बरंही वाटायचं. तिला मी कधी विचारलं नाही. दुसऱ्याच्या बातमीत असं गृहीतक दिसलं असतं, तर मी लाल खूण केली असती.

नोव्हेंबरच्या शेवटी आमच्याकडे कापणीचा सण असतो. ज्याच्याकडे जे पिकलं ते तो आणतो आणि वेदीच्या पायरीवर ठेवतो. शेती आता कुणाचीच राहिलेली नाही, त्यामुळे बहुतेक जण शनिवारी बाजारातून आणलेला मुळा, फुलकोबी, हिरवा मटार ठेवतात. उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो, आणि एकमेकांचा मुळा हसतखेळत विकत घेऊन माणसं घरी जातात.

त्या वर्षी आमच्या अंगणात एक वेल आपोआप उगवला होता. बहुतेक खरकट्यातल्या बीपासून. तो कंपाउंडच्या भिंतीवर चढला आणि त्याला एकच फळ धरलं. लाल भोपळा, आमच्या घरात त्याला कोहळं म्हणतात. आईनं त्याच्याखाली जुन्या साडीची झोळी बांधून ते पोसलं. तोडून रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवलं तेव्हा साडेसहा किलो भरलं. रविवारी सकाळी ते कापडी पिशवीत घालून मी स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवलं.

"ब्रेक हळू लाव," आई मागून म्हणाली. "देवाचं आहे."

"देवाचं आहे तर देव सांभाळेल ना."

"देव सांभाळते. तू ब्रेक सांभाळ."

चर्चमध्ये तिनं कोहळं स्वतः उचललं. मी पुढं झालो तर हात बाजूला केला. पायरीवर मुळ्याच्या जुड्या आणि मटाराचं टोपलं यांच्यामध्ये ते ठेवून ती बाकावर परत आली आणि गुडघा चोळत बसली.

आमचे पाद्रीसाहेब वयानं तरुण आहेत, मंडल्याकडचे. प्रवचन हिंदीत, मुद्देसूद, हातात कागद घेऊन. त्या दिवशी त्यांनी अर्पणावर बोलायला घेतलं. प्रभूनं सांगितलं आहे, ते म्हणाले, की अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी जा, भावाशी समेट करा, मग या. त्यांनी एक बारकावा दाखवला. तुमच्या मनात भावाविषयी काही असेल तर, असं प्रभू म्हणत नाही. भावाच्या मनात तुमच्याविषयी असेल तर, असं म्हणतो. चूक कुणाची, हा प्रश्नच तिथं नाही. मग कागदावरून नजर उचलून आणि आवाज चढवून ते म्हणाले, "और कब जाना है? कल नहीं. अगले इतवार नहीं. अभी, इसी वक्त!"

आई उठली.

मला वाटलं गुडघा आखडला असेल, किंवा बाहेर जायचं असेल. तिनं पर्स खांद्याला लावली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मधल्या वाटेनं दाराकडे निघाली. चपलांचा आवाज पूर्ण चर्चमध्ये ऐकू येत होता. पाद्रीसाहेब थांबले. दोनेकशे माणसं मान वळवून बघत होती.

"माताजी," पाद्रीसाहेब वरून म्हणाले, "तबीयत ठीक है?"

"ठीक है. जा रही हूँ."

"प्रार्थना हो जाए, फिर..."

आई वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, उपहास तर नव्हताच. ती माहिती विचारत होती. "आपने ही कहा ना पाद्री जी, अभी?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पाद्रीसाहेबांनी हातातला कागद पाहिला, जणू पुढचं उत्तर त्यावर लिहिलेलं असेल. मग म्हणाले, "जी. कहा." आणि जरा वेळानं, "जाइए."

मी तिच्यामागून बाहेर आलो. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. स्कूटरपाशी मी विचारलं, "कुठं?"

"सिहोऱ्याला. बस स्टँडवर सोड. यायचं असेल तर तू पण ये."

सिहोऱ्याला मामा राहतो. आईचा धाकटा भाऊ, सरकारी शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेला. नऊ वर्षांपूर्वी माझी आजी त्याच्या घरी वारली, तेव्हापासून आई आणि मामा यांचं बोलणं बंद होतं. इतकंच मला माहीत होतं. आजीच्या दफनाला मी पोचलो नव्हतो. निवडणुकीच्या निकालाचा दिवस होता, सुट्टी मिळाली नाही, संध्याकाळी गेलो तेव्हा कबरीवर माती टाकून झाली होती. बहीण-भावांत काहीतरी बिनसलंय हे दिसत होतं. अशा वेळी बिनसतं, असं मी धरलं.

बसमध्ये मटाराची पोती होती आणि त्या पोत्यांवर माणसं. कंडक्टरनं आईला खिडकीजवळची जागा करून दिली.

"मायके जा रही हो अम्मा?"

"हाँ भैया, मायके."

"खाली हाथ?"

"सामान वहीं रख आई हूँ," आई म्हणाली. कंडक्टरला ते समजलं नाही, तरी त्यानं मान हलवली.

पनागर येईपर्यंत ती बोलली नाही. मग खिडकीबाहेर बघत, मला पूर्ण वाक्यांत, जणू लिहून घ्यायला सांगते आहे अशा चालीनं तिनं सांगितलं. आजी शेवटचे बारा दिवस अंथरुणावर होती. आई रोज फोन करत होती, तिला जबलपूरच्या हॉस्पिटलात आण म्हणून. मामा रोज म्हणायचा, बघतो. त्यानं आणलं नाही. तेराव्या दिवशी आजी गेली. कबरीपाशी सगळी मंडळी उभी होती, मामाच्या हातात मूठभर माती होती, आणि आई त्याला म्हणाली, "आईला देवानं नाही नेलं. तू मारलंस."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. त्याच्या शाळेतले मास्तर होते. त्याचे विद्यार्थी होते."

"मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. माती टाकली."

गोसलपूरला बस थांबली. दोन पोती उतरली.

"म्हणून मी भोजन घेत नाही," आई म्हणाली. "भावाच्या मनात आहे, हे माहीत असून कसं घेऊ?"

मी तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांचं माझं गृहीतक तिनं असं सहज, माझ्याकडे न बघता खोडून टाकलं होतं. ती माझ्यासाठी बसत नव्हती.

"नऊ वर्षं मी अर्धंच मानलं," ती म्हणाली. "भोजन घेतलं नाही, तेवढं मानलं. गेले नाही, ते नाही मानलं. मला वाटे, चूक त्याची आहे, त्यानं यावं. आज पाद्री म्हणाले, चूक कुणाची ते लिहिलंच नाही. मी इतक्या वेळा ऐकलं, मला दिसलंच नव्हतं."

"पण आजच काहून? घरी जाऊन फोन केला असता. पुढच्या आठवड्यात गाडी केली असती. पाद्रीसाहेब काही शब्दशः म्हणत नव्हते आई. बोलायची पद्धत असते ती."

"असेल. पण अर्पण तिथंच ठेव म्हणतात ना? एरवी आपण दानाचं पाकीट टाकतो. ते थैलीत पडलं की गेलं, ठेवता कुठं येते? आज पहिल्यांदा ठेवण्यासारखं काही हातात होतं. अन् मी ते ठेवून बसले होते."

मी तिला तो प्रश्न विचारला, जो डेस्कवर बसणारा माणूसच विचारेल. म्हणालो, तुझा विश्वास आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. विश्वास वेगळा, आणि अशी आज्ञा पाळणं वेगळं. एक असलं म्हणजे दुसरं इतकं काटेकोर कशाला हवं?

ती माझ्याकडे वळली. "तू देवाला मानत नाहीस, म्हणतोस."

"हो."

"अन् लोक तुझ्याबद्दल म्हणतात, आईचं फार मानतो. त्याचा अर्थ काय? आई आहे, यावर तुझा विश्वास आहे, असा?"

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"मानणं एकच असते बेटा," ती म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

माझ्या धंद्यात रोज येणारा हा शब्द आहे. तो किती हलका आहे, यावरच मी तेवीस वर्षं लाल शाई खर्च केली. त्याला दुसरा काठ आहे, हे मला मटाराच्या पोत्यांमध्ये बसून कळत होतं, आणि तो काठ जिथं होता तिथं माझी आई चालत निघाली होती.

मामाचं घर मंडीच्या मागच्या गल्लीत आहे. दार मामीनं उघडलं. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. आईला बघून तिनं तो हात तसाच तोंडावर नेला.

"ताई?"

"सलाम," आई म्हणाली. आमच्यात भेटल्यावर असंच म्हणतात.

"सलाम, सलाम. या ना आत. अहो, बघा कोण आलं."

मामा आतल्या खोलीच्या दारात आला. अडुसष्ट वर्षांचा आहे, आईपेक्षा म्हातारा दिसतो. स्वेटरची बटणं खालीवर लागलेली होती. त्यानं 'या' म्हटलं नाही. सलामही घेतला नाही.

"काहून आलीस?"

"सांगितलं म्हणून आले."

"कुणी सांगितलं?"

आईनं बोट वर केलं नाही, डोळेही मिटले नाहीत. "ज्याला मानते त्यानं. मी चर्चमध्ये कोहळं ठेवलं अन् पाद्री बोलले. तसंच ठेवून आले."

मामा म्हणाला, "म्हणजे हुकूम झाला म्हणून आलीस. तुला वाटलं म्हणून नाही."

ही टोचणी होती, आणि बरोबर जागी होती. ड्यूटीवर मागितलेली माफी किती खरी, हा प्रश्न मीही विचारला असता. मला वाटलं, आई आता म्हणेल, नाही रे, मनापासून आले.

"नाही वाटलं," आई म्हणाली. "खोटं काहून बोलू? मन अजून आलं नाही. पाय आले. कबरीपाशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं. माफ कर. इतकं म्हणायला पाय घेऊन आले."

कोणी बसलं नव्हतं. आत स्टोव्हवर काहीतरी शिजत होतं, त्याचं झाकण वाजत होतं. मामा भिंतीकडे बघत होता. मग मामी, जिच्याकडे आमचं कुणाचं लक्ष नव्हतं, पिठाचे हात पदराला पुसत म्हणाली, "सांगा ना त्यांना."

"तू गप बस."

"नऊ वर्षं ऐकलं तुमचं. आज नाही ऐकत." ती आईकडे वळली. "ताई, आईंनीच म्हटलं होतं, मला हलवू नको. पहिल्याच दिवशी. यांचा हात धरून. म्हणे, मला या घरातूनच जायचं आहे, नळ्या नको, जबलपूर नको. हे रोज रात्री रडत होते अन् सकाळी तुम्हाला फोनवर 'बघतो' म्हणत होते."

आई खुर्चीवर बसली.

"मग सांगितलं काहून नाही?" तिचा आवाज फार बारीक झाला होता. "मला फोनवर काहून नाही सांगितलं?"

"आईच म्हणाली, ताईला सांगू नको," मामा म्हणाला. "म्हणे ती ऐकणार नाही, गाडी घेऊन येईल."

"आले असते. आले असते मी. पण नंतर? कबरीपाशी? मी तुला सगळ्यांसमोर तसं म्हटलं, तेव्हा तरी?"

मामानं जे उत्तर दिलं, ते मी जसंच्या तसं देतो, कारण त्यात मला काही घालता येत नाही, काढता येत नाही.

"सांगू नको म्हणाली होती. कधीपर्यंत, ते नाही म्हणाली."

मी अनेक वर्षं माणसांची वक्तव्यं ऐकली आणि तपासली आहेत. एखादा माणूस खुनाचा आळ, तोही सख्ख्या बहिणीनं गावासमोर घातलेला, नऊ वर्षं अंगावर घेऊन हिंडतो, वर्गात शिकवतो, बाजारात जातो, आणि एका वाक्यात तो उतरवता येत असूनही उतरवत नाही, कारण मेलेल्या आईनं दिलेल्या आज्ञेची मुदत सांगितली नव्हती. हे चूक आहे, असं म्हणता येतं. आजीनं असं मागायलाच नको होतं, असं म्हणता येतं. मामी ते मोडू शकली म्हणून तर गाठ सुटली, हेही खरं. पण त्या खोलीत उभा असताना मला यातलं काही सुचलं नाही. माझ्या समोर एकाच आईची दोन मुलं होती. एकानं आज्ञा शब्दशः घेतली आणि नऊ वर्षं गप्प राहिला. दुसरीनं आज्ञा शब्दशः घेतली आणि प्रवचनातून उठून आली. मी टोपी घालत नाही, असती तर काढली असती.

आई रडली. ती रडताना मी फार वेळा पाहिलेली नाही, वडील गेले तेव्हाही फार नाही. रडणं संपल्यावर ती म्हणाली, "आता मनापासून म्हणते. माफ कर."

"आज नाही जमत, ताई," मामा म्हणाला. "तू आलीस, तुझं काम झालं. माझं राहिलं. म्हणावं लागेल, ते मला माहीत आहे. मी पण तेच पवित्र शास्त्र शिकलो. पण तोंडातून निघून नाही राहिलं."

"बरं," आई म्हणाली.

"कोहळं ठेवून आलीस म्हणतेस?"

"हो. साडेसहा किलोचं."

"बरं झालं. टमाटे नाही ठेवलेस."

त्यावर मामी हसली, मग आई हसली, आणि मामा हसला नाही, पण त्याच्या स्वेटरची बटणं हलली. मामीनं चहा केला. आम्ही दोनच्या बसनं परत निघालो. मामा दारापर्यंत आला, रस्त्यापर्यंत नाही.

इकडे चर्चमध्ये काय झालं, ते नंतर कळलं. लिलावाच्या वेळी कोणीतरी कोहळं उचललं, तर पाद्रीसाहेब स्वतः धावत आले आणि म्हणाले, ये नहीं. इसका अर्पण अभी हुआ नहीं है. ते कोहळं त्यांनी वेदीच्या पायरीवर डाव्या बाजूला सरकवून ठेवलं. सोमवारी संध्याकाळी ते घरी आले आणि आईला म्हणाले की तुम्ही गेलात, तेवढ्यानं प्रभूनं अर्पण स्वीकारलं आहे, येत्या रविवारी मी प्रार्थना करतो.

"मी गेले," आई म्हणाली. "समेट नाही झाला. दोन गोष्टी आहेत पाद्री जी."

त्यांनी वाद घातला नाही. जाताना मला दारात म्हणाले, "मैं तो बस प्रवचन दे रहा था, भाईसाहब." तो कबुलीचा सूर होता. त्यानंतर त्यांनी प्रवचनात 'अभी, इसी वक्त' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

कोहळं तिथंच राहिलं. डिसेंबरचा पहिला रविवार आला, प्रभुभोजन झालं, आम्ही दोघं बसून राहिलो. आता मला कारण माहीत होतं. नाताळाच्या आधी वेदीवर जांभळं कापड चढलं, तारा टांगला, गव्हाणी मांडली, आणि गव्हाणीच्या शेजारी मेंढरांइतकंच मोठं एक कोहळं. नवीन आलेली माणसं विचारायची, जुनी माणसं त्यांना बाजूला घेऊन सांगायची. सांगताना आवाज खाली जायचा. चर्च झाडणाऱ्या बाई रोज ते उचलून खालची धूळ पुसायच्या आणि पुन्हा त्याच जागी ठेवायच्या. कोणी त्याला नवस बोललं नाही, फूल वाहिलं नाही, आम्हाला ते चालतही नाही. पण त्याच्यापुढून जाताना माणसं जरा हळू चालायची. मी सुद्धा.

आईनं मामाला फोन केला नाही. मी म्हणालो, करून बघ. ती म्हणाली, त्याची आज्ञा त्याच्याकडे आहे, मी मध्ये काहून बोलू. ती रोज सकाळी प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायची, एवढं मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी थंडी फार होती. उपासना सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील. मागचं दार वाजलं. मी वळून पाहिलं, आई वळली नाही. मामा आत आला. कानाला मफलर, हातात बसचं तिकीट तसंच धरलेलं. तो मधल्या वाटेनं आमच्या बाकापाशी आला.

"सलाम, ताई."

"सलाम," आई म्हणाली आणि सरकली.

तो बसला. गाणं चालू होतं, त्यामुळे पुढचं बोलणं मला जवळ असल्यामुळेच ऐकू आलं.

"वाटलं म्हणून नाही आलो," मामा म्हणाला. "पण कोहळं किती दिवस पडून राहणार?"

"मग कसा आलास?"

"तू आलीस तसाच." मग गाण्याचं एक कडवं संपेपर्यंत तो थांबला. "बसमध्ये बसलो तेव्हा निघून नव्हतं राहिलं. पनागरला निघालं. माफ केलं मी, ताई. पनागरलाच केलं."

आईनं त्याच्या हातातलं तिकीट काढून घेतलं आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. का, ते मला माहीत नाही.

अर्पणाच्या वेळी दोघं उठले. पायरीवरून कोहळं उचलताना आईनं एक बाजू धरली, मामानं एक. इतकं काही ते जड नव्हतं. पाद्रीसाहेब पायऱ्या उतरून खाली आले आणि त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं. ते प्रार्थना करायला लागले आणि दुसऱ्या वाक्याला थांबले. त्यांना पुढचं म्हणावं लागू नये म्हणून मंडळीतून कोणीतरी 'आमेन' म्हटलं.

त्यानंतर प्रभुभोजन. आईचा गुडघा वाकत नाही. मामानं तिच्या कोपराखाली हात दिला आणि तिला कठड्यापाशी टेकवलं, मग स्वतः टेकला. सवयीनं मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. खिडकीतून ऊन सरळ कठड्यावर येत होतं, दोघांच्या पाठी मला दिसत होत्या, एक निळी शाल आणि एक खालीवर झालेला स्वेटर. नऊ वर्षांनंतर आमच्या बाकावर मी एकटा होतो. कौन मान रहा है, हा प्रश्न मी आयुष्यभर लोकांना विचारला. तिथं विचारायची गरज नव्हती. मी श्वास हळू घेत होतो, इतकंच मला आठवतं.

मी पुढं गेलो नाही. गेलो असं लिहिणं सोपं होतं, पण ते खरं नाही.

कोहळं त्या दिवशी मंडळींनी लिलावाला काढलंच नाही. अंगणातच विळीवर कापलं. साल इतकी टणक झाली होती की पाद्रीसाहेबांनाही हात लावावा लागला. आत केशरी, कोरडं, गोड निघालं. मोठ्या पातेल्यात मेथीदाणे घालून भाजी झाली आणि सगळ्यांना पुरीबरोबर मिळाली. मामानं दोनदा घेतली.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"देवाचं आहे, खा गप," आई म्हणाली.

परत निघताना स्कूटरवर तिघं बसणं शक्य नव्हतं. आई मामाबरोबर ई-रिक्षानं विजय नगरला गेली, रस्ताभर दोघं बोलतच होते, हे रिक्षा पुढं जाताना मला दिसलं. मी मागून एकटा येत होतो. रिकामी कापडी पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवली होती. दमोह नाक्याच्या गर्दीत माझ्या लक्षात आलं की मी ब्रेक फार हळू लावतो आहे, पायांशी काही नसताना.